एनव्हीटॉप: ग्राफिक्सची मेमरी कोण खातंय ते सांगतं, का खातंय ते नाही

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. लिनक्स डेस्कटॉपवर ग्राफिक्सची मेमरी गळतेय (म्हणजे काम झालं तरी घेतलेली मेमरी सुटत नाही) असा नुसता संशय जरी आला तरी पहिलं टूल एनव्हीटॉपच टाकावं, कुठली प्रोसेस ग्राफिक्सची किती मेमरी धरून बसलीय ते दाखवतं. पाचपैकी साडेतीन स्टार, आणि त्यातला एक अख्खा स्टार फक्त त्याच्या ग्राफसाठी. उरलेले दीड का कापले ते खाली येईलच, पण थोडक्यात म्हणजे हे टूल ज्याच्याकडे बोट दाखवतं तो चोर असेलच असं नाही, बऱ्याचदा चोरीचा माल ज्याच्या घरात सापडला त्याचं नाव वर येतं आणि लोक त्यालाच धरून बडवतात.

आता वेगळं टूल लागतंच कशाला, एचटॉप (प्रोसेस आणि त्यांची मेमरी दाखवणारं नेहमीचं टूल) आहे की, असं विचारणारे भरपूर भेटतात. तर गंमत अशी आहे की ग्राफिक्सचे बफर (चित्र साठवायचे मेमरीचे तुकडे) हे प्रोसेसच्या रेसिडेंट मेमरीत (प्रत्यक्ष रॅममध्ये असलेल्या तिच्या मेमरीत) बहुतेक वेळा मोजलेच जात नाहीत. ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ग्राफिक्स ड्रायव्हरकडे असतात, प्रोसेसच्या हातात नुसता एक हँडल (ओळखीचा नंबर) असतो. त्यामुळे एचटॉपमध्ये सगळ्या प्रोसेस मेमरीनुसार लावून बघितल्या, बेरीज केली, तर येते समजा 4 जीबी, आणि मशीन म्हणतं 13 जीबी वापरात आहे. मधले 9 जीबी गेले कुठे? कुठल्याच प्रोसेसच्या नावावर नाहीत. हे असं दिसलं की ग्राफिक्सकडे नजर वळवायची, हीच पहिली खूण. (दुसरीही कारणं असतात म्हणा, टीएमपी फोल्डर मेमरीत असेल आणि त्यात कोणी मोठी फाईल टाकली असेल तरी असंच दिसतं, ते आधी बघून घ्या, एका मिनिटाचं काम आहे.)

फ्री कमांड मारली की त्यात शेअर्ड नावाचा एक रकाना येतो, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर बफर शेअर्ड मेमरीच्या पानांवर उभे असतात, म्हणून तिथे गळती असेल तर हा शेअर्डचा आकडा, म्हणजेच मेमइन्फो फाईलमधली एसएचमेम ही ओळ, हळूहळू फुगत जाते. एएमडीवर मात्र ही सोयसुद्धा नाही, तिथला ड्रायव्हर पानं वेगळ्या पद्धतीने घेतो आणि आत्तापर्यंतच्या बहुतेक कर्नलांत ती मेमइन्फोच्या कुठल्याच ओळीत धडपणे दिसत नाहीत. नुसती मेमरी कमी होत जाते, हिशेब लागत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेमरी खरोखर संपली की कर्नलचा ओओएम किलर (एखादी प्रोसेस मारून जागा मोकळी करणारा) उठतो, तो बघतो रेसिडेंट मेमरी, स्वॅप आणि पेज टेबल, ग्राफिक्सचे बफर त्याच्या हिशेबात नसतात, मग तो बिचाऱ्या ब्राउझरचा नाहीतर चालू असलेल्या कंपाइलचा गळा दाबतो, ज्याचा काही संबंध नाही. आणि लोक ब्राउझरला शिव्या घालतात.

तर एनव्हीटॉप. नाव ऐकून वाटतं फक्त एनव्हिडियासाठी आहे, सुरुवात तशीच झाली होती, पण आता इंटेल, एएमडी आणि आणखी बरेच जीपीयू (ग्राफिक्स चिप) चालतात, आणि नावाचा विस्तारही बदलून नीट व्हिडिओकार्ड टॉप असा केलाय. फुकट, ओपन सोर्स, टर्मिनलमध्ये चालतं. डेबियन, उबुंटू, फेडोरा, आर्च सगळ्यांच्या रिपॉझिटरीत याच नावाने आहे, त्यामुळे टाकण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एकच बघा, तुमची डिस्ट्रो जुनी असेल तर आवृत्तीही जुनी येते आणि जुन्यात एनव्हिडियाशिवाय दुसरं काही दिसत नाही, मग लोक म्हणतात टूल बेकार आहे. टूल नाही हो, पॅकेज शिळं आहे.

उघडलं की वर कार्डाचं नाव, घड्याळाचा वेग, तापमान, पंखा, वॅट, मग जीपीयू आणि मेमरीचे दोन बार, मधे ग्राफ, खाली प्रोसेसची यादी. यादीत पीआयडी (प्रोसेसचा नंबर), युजर, कुठला जीपीयू, प्रकार, जीपीयू टक्के, जीपीयू मेमरी, सीपीयू आणि होस्ट मेमरी (प्रोसेसची साधी रॅम). गळती शोधायला या शेवटच्या गर्दीतले दोनच रकाने कामाचे, जीपीयू मेमरी आणि होस्ट मेमरी, आणि ते दोन एकाच ओळीत दिसतात हे मला या टूलचं सगळ्यात हुशार काम वाटतं. कारण होस्ट मेमरी वाढतेय आणि जीपीयू मेमरी जागेवर आहे तर ती ग्राफिक्सची गळती नाहीच, साधी मेमरी गळती आहे, तिथे हीपट्रॅक किंवा वॅलग्रिंड घेऊन बसायचं. 2018 साली ग्नोम शेलची (ग्नोम डेस्कटॉप चालवणाऱ्या प्रोग्रामची) मेमरी गळती खूप गाजली होती, निघालं काय तर जावास्क्रिप्टच्या बाजूचं गार्बेज कलेक्शन, वापरात नसलेल्या वस्तू वेळेवर साफ होत नव्हत्या. असले घोळ या दोन रकान्यांत पाच मिनिटांत वेगळे होतात. उलटं असेल, म्हणजे होस्ट मेमरी गप्प आणि जीपीयू मेमरी चढतेय, तर मग वॅलग्रिंड चालवून रात्र घालवू नका, त्याला मॅलॉक (प्रोग्रामने मागितलेली साधी मेमरी) दिसतं, ड्रायव्हरकडचे बफर दिसत नाहीत, तो शेवटी सगळं आलबेल आहे म्हणेल.

ग्राफबद्दल मात्र सविस्तर लिहितो कारण पैसा वसूल तिथे आहे (पैसे पडत नाहीत ही गोष्ट वेगळी). एफ2 दाबून सेटअपमध्ये जा, ग्राफमध्ये फक्त मेमरी ठेवा, बाकी जीपीयू टक्के वगैरे काढून टाका, नाहीतर रेषांची भेळ होते. रिफ्रेश सावकाश करा, डिले ऑप्शन सेकंदाच्या दहाव्या हिश्शात असतो म्हणजे 50 दिलं तर पाच सेकंद. मग एफ12 ने सेव्ह करून ठेवा, पुढच्या वेळी परत करत बसायला नको. आणि आता ग्राफचा आकार बघायचा. उतारासारखी सरळ चढत जाणारी रेष वेगळी आणि पायऱ्या पायऱ्यांनी चढणारी वेगळी. पायऱ्या दिसल्या तर तुम्ही निम्मं काम जिंकलात, कारण प्रत्येक पायरी म्हणजे काहीतरी घडलं, खिडकी उघडली, खिडकीचा साइज बदलला, नोटिफिकेशन आलं, स्क्रीन लॉक होऊन उघडली, दुसरा मॉनिटर लावला काढला. घड्याळ बाजूला ठेवून एकेक गोष्ट मुद्दाम करायची आणि कुठल्या गोष्टीला पायरी पडते ते बघायचं. यात थोडा धीर लागतो पण याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

आणि पायरीची उंची मोजा, हे फार कोणी सांगत नाही. 1920 गुणिले 1080 पिक्सेल, दर पिक्सेलला चार बाइट, म्हणजे 82,94,400 बाइट, साधारण 7.9 एमआयबी (एक एमआयबी म्हणजे 1024 गुणिले 1024 बाइट). फोर-के असेल तर त्याच्या चौपट, साधारण 31.6. आता जर मेमरी दर वेळी आठ-आठच्या पटीत चढत असेल आणि तुमचा स्क्रीन फुल एचडी असेल तर गळतंय ते नक्कीच पूर्ण स्क्रीनच्या मापाचं काहीतरी, वॉलपेपरची कॉपी, स्क्रीनशॉट, फुलस्क्रीन खिडकीचा बफर असं. ड्रायव्हर कडेला थोडी जागा जास्त घेतो त्यामुळे आकडा तंतोतंत जुळणार नाही, जवळपास जुळला की पुरे. शेकड्यांनी किलोबाइटच्या छोट्या पायऱ्या असतील तर आयकॉन, थंबनेल, फॉन्टचे ग्लिफ (अक्षरांची चित्रं). याच हिशेबावरून अजून एक कळतं, की फुल एचडीचा बफर जर दर फ्रेमला गळत असता तर सेकंदाला 60 फ्रेम धरून जवळजवळ 475 एमआयबी सेकंदाला गेले असते, 8 जीबी मशीन पंधरा-वीस सेकंदांत आडवं. तसं होत नाहीये, दिवसभरात हळूहळू होतंय, म्हणजे गळती फ्रेमला नाही, घटनेला आहे नाहीतर वस्तू अगदी चिमुकली आहे. हे नुसतं डोक्यात ठेवलं तरी शोधायची जागा निम्म्याने कमी होते.

आता तक्रारी.

पहिली तक्रार, परवानगी. हे टूल इंटेल-एएमडीवर प्रोसेसनिहाय आकडे काढतं ते प्रॉकमधल्या (कर्नल प्रोसेसची माहिती जिथे मांडतो त्या फोल्डरातल्या) एफडीइन्फो फाइली वाचून, आणि दुसऱ्या युजरच्या प्रोसेसची ती फाईल साध्या युजरला वाचता येत नाही. म्हणजे एक्सऑर्ग (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा जुना सर्व्हर) रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर) म्हणून चालत असेल, किंवा लॉगइन स्क्रीनची प्रोसेस मागे राहिली असेल, तर ती यादीत येतच नाही, आणि टूल त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. खाली एक बारीक ओळ टाकायला काय झालं होतं, की बाबा काही प्रोसेस दिसत नाहीयेत म्हणून? नवखा माणूस बघतो, वर बार भरलेला आणि खाली यादीत किरकोळ आकडे, आणि गोंधळतो. सुडो लावून (म्हणजे रूटच्या हक्काने) चालवा, नेहमी. शिवाय कर्नल जुना असेल तरी आकडे येत नाहीत, एएमडीला किमान 5.14 आणि इंटेलला 5.19 लागतो, आणि इंटेलवर मेमरीचे आकडे हवे असतील तर त्याहून बराच नवा कर्नल घेतलेला बरा. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर हा सगळा प्रश्न नाही, तिथे आकडे त्यांच्या एनव्हीएमएल लायब्ररीतून येतात.

दुसरी, इंटिग्रेटेड चिपवरचा वरचा मेमरी बार. वेगळं कार्ड असेल तर बार म्हणजे व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), विषय संपला. पण इंटिग्रेटेडवर वेगळी मेमरी अशी नसतेच, बायोसने थोडी राखून ठेवलेली असते आणि बाकी सगळं साध्या रॅममधून जीटीटी नावाच्या वाटेने येतं, आणि बारमध्ये यातलं काय धरलंय ते आवृत्ती आणि ड्रायव्हर बघून बदलतं. मी तिथे बारकडे बघतच नाही. एएमडी असेल तर सिसएफएसमध्ये कार्डाच्या डिव्हाइस फोल्डरात मेमइन्फो व्हीरॅम यूज्ड आणि मेमइन्फो जीटीटी यूज्ड अशा दोन फाइली असतात, कॅट मारली की बाइटमध्ये आकडा, खोटं बोलत नाहीत. लॅपटॉपवाल्यांनी जीटीटीवाली फाईल बघायची, कारण गळती तिथेच साठते, राखून ठेवलेली व्हीरॅम तर आधीच भरलेली असते आणि ती भरलेली दिसणं हा काही आजार नाही.

तिसरी तक्रार खरी मोठी, आणि खरं सांगायचं तर यात टूलची चूक अर्धीच आहे. डेस्कटॉपवर ग्राफिक्सची मेमरी एकट्याची नसते. वेलँडमध्ये (एक्सऑर्गच्या जागी आलेली नवी पद्धत) ॲप स्वतः बफर बनवतं, त्यात चित्र काढतं आणि त्याचा फाईल डिस्क्रिप्टर (उघड्या फाईलचा नंबर) कंपोझिटरकडे (सगळ्या खिडक्या एकत्र जुळवणाऱ्या प्रोग्रामकडे) देतं, कंपोझिटर तो इम्पोर्ट करून स्क्रीनवर लावतो. आता हा एकच बफर दोघांकडे आहे. ॲपने सोडला पण कंपोझिटरने धरून ठेवला तर मेमरी सुटत नाही, आणि उलटही. एनव्हीटॉपच्या यादीत कधी तो दोघांच्या नावावर दिसतो, मग सगळ्या रकान्याची बेरीज कार्डाच्या मेमरीपेक्षा जास्त येते आणि लोक म्हणतात टूल खोटं बोलतंय. खोटं नाही, दोनदा मोजलंय. एफडीइन्फो फाईल स्वतः उघडलीत तर तिथे नव्या कर्नलवर टोटल, शेअर्ड, रेसिडेंट, पर्जेबल असे वेगवेगळे आकडे मिळतात, म्हणजे माहिती कर्नल देतोय, टूल सगळं एका आकड्यात दाबून दाखवतंय. शेअर्डचा एक वेगळा रकाना दिला असता तर मी अर्धा स्टार परत दिला असता.

एक्सऑर्गवर तर अजून मजा. तिथे ॲप म्हणतं मला एक पिक्समॅप (चित्रासाठी सर्व्हरकडची जागा) दे, सर्व्हर बनवतो आणि स्वतःकडे ठेवतो. ॲप परत करायला विसरलं तर मेमरी कोणाच्या नावावर? एक्सऑर्गच्या. एनव्हीटॉपमध्ये एक्सऑर्ग 3 जीबी दाखवतो आणि झालं, एक्सऑर्ग भंगार, वेलँडवर जा असे सल्ले सुरू. तिथे एक्सरेसटॉप नावाचं जुनं, दिसायला भिकार पण कामाचं टूल आहे, ते प्रत्येक ॲपच्या नावावर किती पिक्समॅप आणि त्यांची किती मेमरी हे सर्व्हरला विचारून सांगतं. एखाद्या ॲपचे पिक्समॅप हजारांत गेलेले दिसले की संपला शोध. वेलँडवर मात्र एक्सरेसटॉपचा उपयोग फक्त एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्सऑर्गची जुनी ॲप चालवायची सोय) चालणाऱ्या ॲपपुरता, बाकी त्याला काही दिसत नाही.

मग वेलँडवर खरा गुन्हेगार कसा ओळखायचा? संशयित ॲप बंद करा आणि ग्राफ बघा. मेमरी खाली आली तर ॲपनेच धरलं होतं. ॲप बंद होऊनही कंपोझिटरचा आकडा तिथेच चिकटून राहिला तर कंपोझिटरने सोडलेलं नाही. एवढी साधी चाचणी पण ऐंशी टक्के वाद इथेच मिटतात असं माझं मत. अजून खात्री हवी तर कंपोझिटरच्या प्रॉकमधल्या एफडी फोल्डरात डीएमएबफ नावाने (शेअर केलेले बफर या नावाने दिसतात) किती लिंक आहेत त्या मोजा, आणि थोड्या वेळाने परत मोजा. खिडक्या तेवढ्याच असताना हा आकडा वाढत असेल तर डिस्क्रिप्टर गळतायत, आणि यात मेमरी संपायच्या आधी डिस्क्रिप्टरची मर्यादाच संपू शकते, सॉफ्ट लिमिट बऱ्याच ठिकाणी 1024 असते, मग 'टू मेनी ओपन फाइल्स' म्हणत अख्खा सेशन पडतो आणि मेमरी भरपूर शिल्लक असते. तिथेच सिंकफाईल नावाच्या लिंक वाढताना दिसल्या तर फेन्स (जीपीयूचं काम संपल्याची खूण) गळतायत, बफर नाही, ही माहिती बग लिहिताना सोन्यासारखी. रूट असाल आणि डीबगएफएस (कर्नलची तपासणीसाठीची फाईल सिस्टिम) माउंट असेल तर डीएमएबफच्या फोल्डरातली बफइन्फो फाईल सगळ्या शेअर केलेल्या बफरची यादी साइजसकट देते, तिथे एकाच साइजच्या ओळींची रांग लागलेली दिसली की पायरीच्या उंचीचा हिशेब जुळवून बघायचा, जुळला की अंगावर काटा येतो राव.

माझ्याकडे हे टूल शेवटचं खरं कामाला आलं ते एका शेल एक्स्टेन्शनच्या (डेस्कटॉपला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या) बाबतीत, नाव घेत नाही, बनवणाऱ्याने नंतर दुरुस्तही केलं. यादीत वर कंपोझिटरच दिसत होता, अपेक्षेप्रमाणे. पायऱ्या पडत होत्या त्या वर्कस्पेस बदलल्यावर, आणि पायरी स्क्रीनच्या मापाची नव्हती, त्याच्या साधारण एक चतुर्थांश. म्हणजे अर्ध्या रुंदी-उंचीची छोटी प्रतिमा, म्हणजे थंबनेल. सगळी एक्स्टेन्शन बंद केली, पायऱ्या थांबल्या, मग निम्मी चालू, निम्म्यातली निम्मी असं करत सापडलं. एनव्हीटॉप नसतं तर मी कंपोझिटरवर बग टाकून मोकळा झालो असतो आणि त्या लोकांनी हात जोडून परत पाठवला असता. सुरुवातच एक्स्टेन्शन बंद करून करा असा सल्ला सगळेच देतात, बरोबर आहे, पण बंद केल्यावर फरक पडला हे कशावरून ठरवणार? दोन तास वाट बघून? पायऱ्या दिसत असल्या की दोन मिनिटांत ठरतं.

आता एक सावधगिरी, कारण अर्ध्या लोकांची गळती ही गळती नसतेच. मेसाचे (लिनक्सवरचे ओपन सोर्स ग्राफिक्स) ड्रायव्हर वापरून झालेले बफर लगेच परत करत नाहीत, थोडे जवळ ठेवतात, पुढच्या वेळी नवीन मागायला नको म्हणून. ब्राउझरही तसंच करतो. त्यामुळे चालू केल्यावर पहिला काही काळ रेष चढणारच, मग एका पातळीला जाऊन सपाट होते. सपाट झाली तर गळती नाही, विसरा. गळतीची रेष सपाट होत नाही, तेच काम परत परत केलं की तेवढीच परत परत चढते. पर्जेबल म्हणून दाखवलेली मेमरी तर मशीनला गरज पडली की कर्नल स्वतःच काढून घेतो. आणि ड्रॉप कॅशेसमध्ये 3 लिहिण्याचा जो मंत्र सगळीकडे फिरत असतो ना, तो इथे काहीही करत नाही, त्याने फायलींची कॅश जाते, वापरात असलेले ग्राफिक्सचे बफर नाही. मेमरी मोकळी झालेली दिसते आणि माणसाला वाटतं प्रॉब्लेम सुटला, दोन तासांनी परत तेच.

ब्राउझर हा वेगळाच प्राणी आहे, एनव्हीटॉपला त्याची बहुतेक वेळा एकच प्रोसेस दिसते, आत कुठला टॅब काय खातोय त्याला कळायचं कारण नाही. फायरफॉक्सवाल्यांनी अबाउट मेमरी उघडावं, क्रोमवाल्यांनी शिफ्ट एस्केप दाबून त्याच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू मेमरीचा रकाना चालू करावा. एवढंच.

बाकी स्पर्धक. रेडिऑनटॉप अजून कोणी वापरत असेल तर नमस्कार, एकूण व्हीरॅम आणि जीटीटी दाखवतं पण प्रोसेसची यादी नाही, गळतीला निरुपयोगी. इंटेल जीपीयू टॉप इंजिनांचा वापर उत्तम दाखवतं, मेमरीचा रकाना नव्या आवृत्त्यांतच, आणि रूट लागतो. एनव्हिडिया-एसएमआय ठीक, पण एका क्षणाचा फोटो, ग्राफ नाही. एएमडीजीपीयू टॉप मात्र तगडं आहे, रस्टमध्ये लिहिलंय, प्रोसेसनिहाय व्हीरॅम आणि जीटीटी वेगवेगळं दाखवतं, खिडकीवालं रूपही आहे, जेसनमध्येही आउटपुट देतं. तुमच्याकडे फक्त एएमडी असेल तर खरं सांगतो, एनव्हीटॉपऐवजी तेच घ्या. मी एनव्हीटॉपवर राहिलो कारण ज्या लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू असतात तिथे दोघांचे आकडे एकाच खिडकीत दिसणं फार सोयीचं आहे, कित्येकदा ॲप चालतं एकावर आणि बफर साठतो दुसऱ्यावर.

ॲप तुमचं स्वतःचं असेल, म्हणजे तुम्ही लिहिलेलं, तर एनव्हीटॉपवर थांबू नका. ओपनजीएल असेल तर एपीआयट्रेसने ट्रेस घ्या आणि त्याचीच लीक्स कमांड चालवा, कुठलं टेक्स्चर बनवलं आणि कधीच डिलीट केलं नाही ते तो सांगतो. हे 'का'चं उत्तर आहे, एनव्हीटॉप फक्त 'कोण'पाशी थांबतं. मेसावर गॅलियम हडमध्ये व्हीरॅम यूसेज आणि जीटीटी यूसेज लावून ॲपच्या खिडकीतच ग्राफ काढता येतो, एएमडीवर हे मस्त चालतं. आणि ड्रायव्हरवर संशय असेल तर लिबजीएल ऑलवेज सॉफ्टवेअर हे व्हेरिएबल 1 करून ॲप चालवा, चित्र सीपीयूवर काढलं जाईल, रडतखडत चालेल, पण एचटॉपमध्ये ॲपची मेमरी तशीच चढत राहिली तर ड्रायव्हर निर्दोष आणि ॲप दोषी मानायला हरकत नाही.

दोन छोट्या गोष्टी. एफ9 ने यादीतली प्रोसेस मारता येते, कंपोझिटरवर कर्सर असताना हे बटण दाबू नका, वेलँडवर बहुतेक ठिकाणी अख्खा सेशन जाईल, न सेव्ह केलेलं सगळं घेऊन. एक्सऑर्गवरच्या ग्नोममध्ये ऑल्ट एफ2 दाबून आर लिहिलं की शेल नव्याने सुरू होतं आणि खिडक्या टिकतात, वेलँडवर ती सोय नाही, लॉगआउट करावं लागतं. दुसरं म्हणजे नव्या आवृत्तीत स्नॅपशॉटचा ऑप्शन आलाय, ग्राफ न दाखवता आकडे जेसनमध्ये छापून बाहेर पडतं. क्रॉनमध्ये टाकून दर पाच मिनिटांनी फाईलला जोडत राहा, रात्रभर चालू दे. ग्राफ डोळ्यांना चांगला पण बग रिपोर्टला ही फाईल लागते, सोबत कर्नलची आवृत्ती, मेसा किंवा ड्रायव्हरची आवृत्ती, वेलँड की एक्सऑर्ग, मॉनिटर किती आणि कुठल्या रिझोल्यूशनचे, कुठल्या कृतीला पायरी पडते आणि किती एमआयबीची, आणि कोरा नवीन युजर बनवून त्यात सगळी एक्स्टेन्शन बंद ठेवूनही होतंय का. हे नसेल तर समोरचा पहिलाच प्रश्न यातलाच कुठलातरी विचारणार आणि उत्तर द्यायला तुम्हाला परत पहिल्यापासून सगळं करावं लागणार.